मागची बॅटरी

गाडीला दोन बॅटऱ्या असल्या की वाटेत अडकायची भीती मिटली, असा आमच्याकडे सरसकट समज आहे. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात नवी पिकअप आली की काही महिन्यांत मालक हौद्याखाली लोखंडी चौकट वेल्ड करून घेतो आणि तिथे दुसरी बॅटरी बसवतो. त्यामागची कारणं खरी असतात. कापलेला माल शेतातून उचलायला रात्र होते, तेव्हा हौद्यावर लाइट लागतात. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला पारा दहाच्या खाली उतरतो, केळीला चरका बसतो आणि पहाटे डिझेल इंजिनही कुरकुरतं. डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवावी लागते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल. त्यासाठी सेल्फला जोर हवा आणि जोरासाठी बॅटरी हवी. अमेरिकेत फोर्ड, रॅम, शेव्हरोले यांच्या मोठ्या डिझेल पिकअपना कंपनीतूनच दोन बॅटऱ्या येतात, त्याही याच कारणासाठी. म्हणजे कल्पना काही चुकीची नाही.

पण दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, अधिकाला अधिक आणि उण्याला उणे, की त्या एकमेकींची ताकद वाढवतात तशाच एकमेकींचं दुखणंही झाकतात. एका बॅटरीची गाडी आजारी पडली तर लगेच कळतं. दोन बॅटऱ्यांची गाडी बरेच दिवस बरी असल्यासारखी चालते आणि मग एका पहाटे माल भरलेला असताना दोन्ही बॅटऱ्या एकदम हात वर करतात. तेव्हा मेकॅनिक ज्या बॅटरीकडे बोट दाखवतो, तिचा दोष असतोच असं नाही.

आमच्या आबांच्या पिकअपचं हेच झालं. आबा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. स्वतःची केळी आहे, शिवाय आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल पॅकिंग सेंटरवर पोचवायचं काम. हे काम आता पूर्वीसारखं सैल राहिलेलं नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये आमच्या रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला गेली. निर्यातीचा माल म्हटला की धुणं, फण्या करणं, खोक्यात भरणं आणि कोल्ड स्टोअरेज, सगळं घड्याळावर चालतं. गाडी शेतात अडकली तर घड उन्हात तापतात, चीक गळतो, सालीवर डाग पडतात आणि भाव तिथल्या तिथे उतरतो. त्यामुळे आबांनी बॅटरीच्या बाबतीत कधी हात आखडता घेतला नाही. पुढची गेली की पुढची बदलली, मागची गेली की मागची. कधी वॉरंटीत बदलून मिळाली, कधी जुनी देऊन वर पैसे भरले. दर वेळी नवं कारण ऐकायला मिळायचं. हा लॉटच खराब होता, ऊन फार आहे, ड्रायव्हर सेल्फ जास्त मारतो, डायनामो कमी चार्ज करतो. डायनामोही उतरवून झाला, भुसावळला दुरुस्त करून आणला. बॅटऱ्या मरायच्या थांबल्या नाहीत.

मला यात सगळ्यात जास्त खटकत होतं ते हे, की या सगळ्या काळात कोणी काही मोजलं नव्हतं. म्हणजे मीटर लावला होता, पण कसा? बॉनेट उघडायचं, पुढच्या बॅटरीवर मीटर टेकवायचा, १२.५ व्होल्ट दिसले की "बॅटरी ओके" म्हणायचं. मागची बॅटरी त्याच केबलला जोडलेली. मीटर दाखवतोय तो आकडा दोघींचा मिळून आहे, त्यातून एकीचीही तब्येत कळत नाही.

फैजपूरच्या रस्त्याला एक जुने वायरमन बसतात, गाड्यांचंच काम करतात. मूळचे अमळनेरकडचे. इतकी वर्षं इकडे राहून बोली अजून अस्सल अहिराणी. सगळे त्यांना मामा म्हणतात. गाडी त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. खाटेवर बसूनच आबांना विचारलं, "पहिले हाई सांगा, गाडी कितला दिन उभी राहस?"

हा प्रश्न त्याआधी कोणी विचारला नव्हता. आबा म्हणाले, कटाई असली की रोज चालते, नसली की आठ-आठ दिवस खळ्यात उभी. चालते तेव्हा किती? शेत ते सेंटर, दहा-बारा किलोमीटर. लाइट किती वेळ? भरणी संपेपर्यंत, दोन-तीन तास, इंजिन बंद ठेवून. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "दोन्ही येगळ्या करा, मंग दखूत."

वेगळं करणं हीच या कामाची पहिली पायरी आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते. कारण त्यात वेळ जातो. दोन्ही बॅटऱ्यांमधली केबल काढायची, प्रत्येक बॅटरी स्वतंत्र चार्जरवर पूर्ण भरायची, मग रात्रभर नुसती ठेवायची. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर वरवरचा व्होल्टेज दिसतो, तो फसवा असतो. रात्रभर विसावल्यावर निरोगी, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. बारा व्होल्टची बॅटरी म्हटल्यावर बारा दिसले की माणूस निश्चिंत होतो, आणि ती तर जवळजवळ रिकामी असते!

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची १२.६ वर होती आणि मागची १२.४ वर. दोन दशांशाचा फरक. दुकानात कोणी तो मनावर घेतला नसता. मामांनी हायड्रोमीटर काढला, बॅटरीतल्या आम्लाच्या पाण्याची घनता मोजायचा. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा छोटा काटा. मागच्या बॅटरीची सहाही झाकणं उघडून एकेका कप्प्यातलं पाणी ओढून त्यांनी नळी डोळ्यासमोर धरली. पाच कप्प्यांत काटा १.२४ च्या आसपास तरंगत होता. टोकाच्या सहाव्या कप्प्यात तो बुडाला, १.१८ वर. भरलेल्या बॅटरीचं आम्लाचं पाणी १.२६५ च्या जवळ असतं. ते जितकं हलकं, तितकं गंधक पाण्यातून निघून प्लेटांना चिकटून बसलेलं. सहापैकी एक कप्पा मागे पडला होता, आणि सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे त्या एकामुळे अख्खी बॅटरी लंगडत होती. बॅटरीवर मुद्दाम भार टाकून बघणारा लोड टेस्टर लावल्यावर पुढचीने दहाच्या वर व्होल्टेज धरून ठेवला. मागची काही सेकंदांत नऊच्याही खाली घसरली. चांगल्या बॅटरीने पंधरा सेकंद निम्म्या क्रँकिंग करंटचा, म्हणजे सेल्फसाठी ती देऊ शकते त्याच्या निम्म्या प्रवाहाचा, भार घेऊनही ९.६ च्या खाली जायला नको.

इथे थांबून "मागची बॅटरी खराब, बदलून टाका" म्हणणं सोपं होतं. आजवर तेच होत आलं होतं. पण ही बॅटरी काही फार जुनी नव्हती. तिच्यावर हे का आलं, हा खरा प्रश्न.

शिशाच्या बॅटरीचं रसायन मला फार आवडतं. १८५९ मध्ये गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले, तेव्हापासून मूळ क्रिया बदललेली नाही. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. चार्ज होते तेव्हा ते परत विरघळून शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि आम्ल होतं. हा फेरा पूर्ण झाला तर बॅटरी वर्षानुवर्षं चालते. पण अर्धवट भरून सोडली आणि तशीच ठेवली, तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन टणक स्फटिक होतात आणि मग ते चार्जरला दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कायमची कामातून गेली. म्हणजे रिकामी होण्यापेक्षा रिकामी राहणं बॅटरीला जास्त बाधतं. मागची बॅटरी कायम अर्धपोटी राहत होती, एवढं हायड्रोमीटरने सांगितलं होतं. तिचा घास कुठे अडत होता ते शोधायचं होतं.

मामांनी पुन्हा सगळं जोडलं, इंजिन चालू करून जरा रेस दिली, हेडलाइट लावले. पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट. म्हणजे डायनामो ठणठणीत. उगाच उतरवला होता. मागच्या बॅटरीवर, तिच्या टर्मिनलवर मीटर टेकवला तर १३.५. डायनामो एकच, दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या, आणि वाटेत सात दशांश व्होल्ट हरवले होते. डायनामोचं अधिक टोक ते मागच्या बॅटरीचं अधिक टोक मोजलं, एक दशांश. ठीक. मग लाल टोक इंजिनच्या ब्लॉकवर आणि काळं मागच्या बॅटरीच्या उण्यावर धरलं. मीटरने आधी उणे चिन्ह दाखवलं, टोकं बदलल्यावर सहा दशांश. एवढा फरक चांगल्या जोडणीत असूच शकत नाही. दोन दशांशाच्या पुढे गेलं की शोध घ्यायलाच हवा.

उण्याची केबल हौद्याच्या चौकटीला बोल्टने आवळलेली होती. दुसरी बॅटरी बसवणाऱ्याने जवळचं लोखंड बघून तिथेच अर्थ, म्हणजे उण्याची गाडीच्या लोखंडाशी जोडणी, दिला होता. आता हौदा काही इंजिनला थेट जोडलेला नसतो. तो चॅसिसवर बोल्टांनी बसवलेला, मध्ये पॅकिंग, वर रंग. चॅसिसवरून इंजिनपर्यंत आणखी एक पट्टी. आणि हौद्यात रोज ओला माल, चीक धुवायला रोज पाणी. आबांनी स्वतः खाली आडवं पडून तो बोल्ट सोडवला. केबलच्या चकतीखाली हिरवट पांढरी पूड साचली होती. पूड पुसली तर खाली तांबडा रेड ऑक्साइड जसाच्या तसा, रंग खरवडलाच नव्हता. चकतीच्या फक्त एका कडेला, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, लोखंड चमकत होतं. गाडीच्या निम्म्या विजेचा सगळा कारभार त्या नखाएवढ्या जागेतून चालला होता.

मग पुढची बॅटरी का मरायची? तिची तर जोडणी पक्की होती. यावर मी बराच विचार केला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. खराब अर्थ मोठ्या प्रवाहाला अडवतो. गाडी चालू असते त्या थोड्या वेळात मागच्या बॅटरीला भरपूर प्रवाह हवा असतो, तेव्हा तो मिळत नाही. पण गाडी उभी राहिली की भरलेली पुढची आणि भुकेली मागची यांच्यात हळूहळू वाहणारा प्रवाह अगदी लहान असतो, आणि लहान प्रवाहाला तो खराब अर्थ आरामात वाट देतो. ठिबकची नळी बघा. शेतात वीज असते तेवढ्या तासाभरात त्या नळीने टाकी भरायची म्हटली तर जन्मात भरणार नाही, पण तीच नळी रात्रभर गळत राहिली तर भरलेली टाकी सकाळी अर्ध्यावर येते. दिवसा मागची बॅटरी उपाशी राहायची आणि रात्री पुढचीच्या ताटात हात घालायची. पुढची नवी आणली की काही आठवडे ती दोघींना ओढायची, मग तीही सल्फेटने जड व्हायची. वॉरंटीत मागची बदलली की नवी मागची त्याच अर्थवर उपाशी. कोणतीही एक बदलली तरी दुसरी तिला आपल्या पातळीला आणून ठेवणार. जुनी आणि नवी बॅटरी समांतर जोडू नये, जोडी बदलायची तर एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची आणि एकाच सुमाराची घ्यावी, असं जे म्हणतात ते यासाठी.

अर्थ सापडल्यावर आबा उठून उभेच राहिले, झालं म्हणून. मामांनी त्यांना खाली बसवलं. गाडी उभी असताना काय पीत आहे ते अजून मोजायचं होतं.

या मोजणीत दोन बॅटऱ्यांच्या गाडीला एक खास खोच आहे. गाडी बंद करून, दारं लावून, बॅटरीचं उणं काढून मध्ये अ‍ॅम्पियर मीटर जोडतात. पण दोन बॅटऱ्या असताना एकीवरच मीटर लावला तर गळतीतला अर्धा वाटा दुसरी गुपचूप पुरवते आणि आकडा छान कमी दिसतो. म्हणून एक पूर्ण सोडवून ठेवायची आणि दुसरीवर मोजायचं. दार उघडल्यावर जागी होणारी इलेक्ट्रॉनिक्स झोपी जायला वेळ घेते, तेवढं थांबायचं. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही किल्ली फिरवायची नाही, सेल्फचा शेकडो अ‍ॅम्पियरचा झटका मीटरचा फ्यूज घेऊनच जातो.

आकडा आला ०.१९ अ‍ॅम्पियर. ऐकायला किरकोळ. साधारण ०.०५ पर्यंत चालतं, तेवढं घड्याळ, लॉक, ट्रॅकर यांना लागतं. ०.१९ म्हणजे दिवसाला साडेचार अ‍ॅम्पियर-तास. आठवडाभर गाडी खळ्यात उभी राहिली की तीसच्या वर गेले. ८० अ‍ॅम्पियर-तासाची बॅटरी, तीही आधीच अर्धपोटी. हिशेब मांडला की चमत्कार उरत नाही.

फ्यूज एकेक काढून बघितले. ट्रॅकरचा काढल्यावर थोडा फरक पडला, बाकी आकडा ढिम्म. म्हणजे गळणारी वस्तू फ्यूजबॉक्समधून जातच नव्हती, कोणीतरी थेट बॅटरीवरून ओढलेली. मामांनी डॅशबोर्डखाली हात घातला, थोडं चाचपलं आणि आबांना म्हणाले, "आठे हात लाई दखा." मीही लावला. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद, स्टिअरिंगचं प्लास्टिकसुद्धा गार लागत होतं. आणि आत काड्यापेटीहून लहान काळा रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, चांगला कोमट होता. हौद्याच्या लाइटचा रिले. लाइटचं बटण हौद्याजवळ होतं आणि ते रिलेच्या पुढच्या बाजूला, लाइटच्या तारेवर बसवलेलं. रिलेच्या आतल्या गुंडाळीला मात्र कायमची वीज दिलेली. लाइट बंद, पण रिले चोवीस तास ओढलेलाच. बारा व्होल्टच्या साध्या रिलेची गुंडाळी दीड दशांश अ‍ॅम्पियरच्या आसपास घेते. रिले उपटला आणि मीटर खाली बसला.

डायनामोचे डायोडही, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, मामांनी तपासून घेतले, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजून. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असतं तर डायोड फुटका समजायचा. तो डायोड रात्री उलटा गळतो आणि बॅटरी पितो. इथे आकडा नगण्य होता.

राहिला लाइटचा हिशेब. तो खरं तर सगळ्यात मोठा. सेल्फ एकदा मारायला दोनशे-अडीचशे अ‍ॅम्पियर लागले तरी ते दोन-तीन सेकंद. अ‍ॅम्पियर-तासात ती चिल्लर आहे. पण शंभर वॅटचे लाइट तीन तास चालले की पंचवीस अ‍ॅम्पियर-तास गेले. त्यानंतर शेत ते सेंटर वीस मिनिटांचा रस्ता, तोही बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर ट्रकमागे सरकत. एवढ्या वेळात डायनामो कितीही चांगला असला तरी सात-आठच्या वर परत करणं कठीण. रोज थोडी उधारी राहते. म्हणून ड्रायव्हर सेल्फ जास्त मारतो हा आरोप मला पटत नाही. तो पोरगा बिचारा नाहक बोलणी खात होता.

मोठ्या ट्रकवाल्यांकडेही दोन बॅटऱ्या असतात, पण त्यांची जोडणी वेगळी. तिथे दोन्ही एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. त्यांचं नेहमीचं दुखणं म्हणजे टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर यांच्यासाठी मधल्या जोडावरून बारा व्होल्ट काढून घेणं. मग ज्या बॅटरीवरून काढलं ती उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. दोघींना मिळून अठ्ठावीस व्होल्ट मिळत असतात, म्हणून चार्जिंग बरोबर दिसतं. सावद्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकांपैकी कुठल्याही ट्रकच्या दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजून बघा, हा फरक किती ठिकाणी निघतो ते. जोडणी समांतर असो की एकापुढे एक, वेगवेगळं मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

उन्हाळ्याला दोष देतात तो मात्र पूर्ण खोटा नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पाणी उडतं, प्लेटा उघड्या पडतात आणि उघडी पडलेली प्लेट वाळून जाते. त्यावर शेतातल्या बोअरचं पाणी ओतणारे मी बघितले आहेत. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की ठिबकच्या नळ्या बुजतात. ते बॅटरीत घालणं म्हणजे तिला विष देणं. पिण्याच्या बाटलीतलंही नको. डिस्टिल्ड वॉटरच घालावं, प्लेटांच्या वर येईल एवढंच, आणि अ‍ॅसिड कधीच घालू नये, कारण उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. पण ऊन सगळ्यांच्याच गाड्यांना लागतं. एकाच गाडीच्या बॅटऱ्या एकामागून एक जात असतील तर उन्हापाशी थांबू नये, तिच्या अंगात आणखी काहीतरी आहे.

दुरुस्ती त्या मानाने चटकन झाली. मागच्या बॅटरीच्या उण्यापासून थेट इंजिनच्या ब्लॉकपर्यंत जाड तांब्याची केबल टाकली. जिथे बोल्ट आवळायचा तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावलं. दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकाजवळ, अगदी जवळ, एकेक मोठा फ्यूज बसवला. पुढून मागे जाणारी केबल चॅसिसला घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंनी आग लागू शकते, आणि आधी तिथे फ्यूज नव्हताच. लाइटची वायरिंग उलटी होती ती सरळ केली. आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाकला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज तेरा-सव्वातेराच्या वर गेला की तो दोघींना जोडतो, इंजिन बंद होऊन व्होल्टेज उतरला की तोडतो. आता लाइट फक्त मागचीवर, सेल्फ फक्त पुढचीवर. रात्रभर लाइट राहिले तरी पहाटे गाडी उचलते. आमच्याकडच्या थंडीला निरोगी एक बॅटरी पुरते. उणे वीस अंशांतल्या प्रदेशात दोन्ही सेल्फला लागत असतील, रावेरला लागत नाहीत. मागची बॅटरी नवी घेतलीच, पण अर्थ नीट झाल्यावर. शिवाय आबांनी एक साधा चार्जर खळ्यात ठेवला आहे. गाडी उभी राहणार असली की लाइटची बॅटरी एक रात्र त्यावर लावतात, कारण वीस मिनिटांच्या रस्त्यात ती कधीच पूर्ण भरणार नाही.

हे काम करताना मामांनी आबांच्या हातातलं चांदीचं कडं काढायला लावलं होतं. पाना आणि कडं मिळून अधिक टोक आणि बॉडी जोडली गेली तर कातडी जळते. उणं आधी सोडायचं, जोडताना शेवटी. आणि दोन बॅटऱ्यांच्या गाडीत दोन्हींचं उणं सोडल्याशिवाय गाडीतली वीज गेली असं धरायचं नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ बिडी नको. झाकण उघडून आत बघायला काडी पेटवणारी माणसं अजून आहेत, म्हणून लिहितो.

मेलेल्या बॅटऱ्यांबद्दल मला वेगळंच वाईट वाटतं. वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असतं त्यात. जुनी बॅटरी दुकानात परत घेतली जाते, २०२२ पासून त्यासाठी नव्याने नियमही आले आहेत. तरी कुठे कुठे उघड्यावर फोडून, आम्ल नाल्यात ओतून शिसं वितळवलं जातंच. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर जातो, आणि त्याची भरपाई होत नाही. नखाएवढ्या गंजापायी एकेका गाडीमागे बॅटरीमागून बॅटरी तिथवर पोचत असेल, तर हा फक्त आबांच्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

आणि मोजण्याचे पैसे द्यायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. आमच्याकडे वस्तूचे पैसे देतात, हमालीचे देतात, पण वायरमनने दोन दिवस बॅटऱ्या वेगळ्या ठेवून, खाली वाकून, आकडे टिपून दोष शोधला तर त्याला चहा पाजतात. मग तो तरी कशाला मोजेल? बॅटरी बदलून दिली की कमिशन मिळतं, कारण शोधून दिलं की काही मिळत नाही. आबांनी मामांना बॅटरीच्या किमतीच्या जवळपास रक्कम दिली. मामा घेत नव्हते, आबांनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

आता आबांच्या ओळखीतले लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. परवा चिनावलहून एक जण आला होता. त्याच्या पिकअपलाही मागे दुसरी बॅटरी आहे आणि पुढची वर्षभरही टिकत नाही. त्याने आल्या आल्या विचारलं, कोणत्या कंपनीची घेऊ? मामांनी त्याला पाना दिला आणि मधली केबल सोडायला सांगितली. त्याच्या दोन्ही बॅटऱ्या सध्या मामांच्या टपरीत चार्जरवर आहेत, उद्या सकाळी मोजायच्या आहेत. त्याचा अर्थ मी वाकून बघितला, स्वच्छ आहे. तिथे दुसरंच काहीतरी निघणार.